काळी तार

आचाओच्या उतरणीवर ओहोटीला होडी कलंडते
आणि पुढचे चार तास ती माझी असते.
सायप्रसची फळी, पाच गोल भोकं,
रोसामेलनी स्वतः करवतीने पाडलेली,
एक जरा मोठं झालंय.
त्यात रबराची चकती घालून घड्याळ बसवलं.

पॅनेल पालथं घालून मांडीवर घेतलंय.
पुढून बघावं तर नीटनेटकं दुकान,
मागून कोंबडी साफ करायला घेतल्यासारखं.
तेलाच्या दाबाची तार फिकट निळी, पाण्याच्या तापाची मातकट,
डिझेलची गुलाबी.
आणि काळ्या. पहिलीच्या टोकाला दुसरी,
दुसरीच्या टोकाला तिसरी,
अशा हात धरून इंजिनापर्यंत.
घराच्या वायरिंगला जमिनीत पुरलेली पट्टी असते,
होडीला कुठली जमीन?
इथे सगळं जाऊन टेकतं लोखंडाच्या एका बोल्टला.
तो सैल असेल
तर एकाही आकड्याला अर्थ नाही.

चाळीस वर्षं ह्या होडीत काटे नव्हते,
माशांचे सोडून.
झाकणावर तळवा ठेवून रोसामेल सांगायचे:
पाणी कमी पडतंय, तेल जुनं झालंय,
तिसरा इंजेक्टर खोकतोय.
केम्चीहून परतताना, धुक्यात, डोळे मिटून.

मागच्या हिवाळ्यापासून
पाठीमागून हाक मारली तर ते वळत नाहीत.
त्यांच्या घरातला रेडिओ गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो.
कोणी काही म्हटलेलं नाही.
एक दिवस प्वेर्तो मोंतच्या भंगारवाल्याकडून
ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच घड्याळं घेऊन आले.
"शोभेला," म्हणाले.
"पोरांना आवडतात."
त्यांना पोरं नाहीत.

किल्ली फिरवली. काटे उठले,
शहाण्यासारखे आपापल्या जागी बसले.
मग दिवा लावला,
आणि पाण्याचा काटा उकळीपर्यंत चढला.
गार इंजिन, अजून सुरूही न केलेलं,
तापाने फणफणलं.
रोसामेल माझ्या तोंडाकडे बघत होते.
हल्ली सगळ्यांच्याच तोंडाकडे बघतात,
नेमकं सांगायचं तर ओठांकडे.

मल्टिमीटरचं एक टोक बोल्टवर,
दुसरं एकेका काळीवर. शून्य. शून्य.
तिसऱ्या घड्याळामागे तो आकडा, जो नसायला हवा होता.
भंगारातून आलेली जुनी तार मी आळसाने तशीच ठेवली होती.
लगच्या टोपीखाली तांबं हिरवं,
नखाने खरवडलं तर चिमूटभर भुकटी.
दिव्याच्या करंटला परतीची वाट मिळेना,
म्हणून तो शेजाऱ्यांच्या घरांतून चालला होता.
हे मी त्यांना ओरडून सांगितलं.
पुन्हा एकदा ओरडून.
ते म्हणाले, "माणसांचंही तसंच."
नाही, असं काही म्हणाले नाहीत.
म्हणाले, "भरती लागली, आटप."

नवी तार ओढली, नवा लग दाबला,
लायटरने नळी आवळली. दिवा लागला.
काटे जागचे हलले नाहीत.
डिझेलचा तेवढा उलटा:
टाकीतला तरंगा एका देशाचा, घड्याळ दुसऱ्या,
भरलेली टाकी रिकामी दाखवतो, रिकामी भरलेली.
चिकटपट्टीवर तसं लिहायला लागले
तर त्यांनी पेन काढून घेतलं.
"न विचारता होडी नेणाऱ्याला
कळू दे की समुद्रात."

पाणी कण्याखाली शिरलं, होडी सरळ झाली.
इंजिन लागलं, मला ते तळपायात कळलं.
त्यांनी सवयीने झाकणावर तळवा ठेवला.
डोळे मिटले नाहीत,
तेलाच्या काट्यावर टेकवून ठेवले.

"चार!" ते म्हणाले,
इतक्या मोठ्याने
की धक्क्यावरची दोन कुत्री उठून बसली.

मी चार बोटं वर केली.